संगणक वारंवार बंद पडतो तेव्हा

एप्रिल महिना संपत आलेला असतो. शाळेच्या निकालपत्रकांचे काम चालू असते. दुपारी दोनच्या सुमारास शिक्षक घरच्या संगणकावर मुलांचे गुण भरीत बसलेले असतात. निम्मा वर्ग भरून होतो न होतो तोच पडदा एकदम काळा होतो. वीज गेलेली नाही, डोक्यावरचा पंखा फिरतो आहे, पण संगणक मात्र गप्प! बटण दाबले की तो पुन्हा सुरू होतो, दहा मिनिटे चालतो, आणि पुन्हा तोच प्रकार.

माझ्या परिचयाच्या एका शिक्षकांची ही हकीकत आहे. त्यांनी संगणकाची पेटी एस. टी.ने तालुक्याला नेली. तेथे निदान झाले, "पॉवर सप्लाय गेला." नवा बसविला. दुकानात सकाळच्या गार वेळी तासभर चालवून पाहिला, तो नीट चालला. घरी आणल्यावर आठ दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला रॅम बदलली. तरीही फरक पडला नाही. तिसऱ्या खेपेला सांगण्यात आले, "गुरुजी, मदरबोर्डच गेला. आता नवाच घ्या." शेवटी त्यांच्याच शाळेतील एका सहकाऱ्याने पेटीचे झाकण काढून पाहिले. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा असा जाड नमदा बसला होता की त्याखालची ॲल्युमिनियमची पाती दिसतच नव्हती. कुंचल्याने धूळ काढली, पंख्याखालची वाळून गेलेली पेस्ट पुसून नवी लावली, आणि संगणक भर दुपारी चालू लागला. दोन सुट्या भागांचे पैसे आणि तीन खेपांचे भाडे मात्र फुकट गेले.

दुकानदार लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याने अंदाज केला. तपासणी केली नाही, एवढेच. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना काय सांगतो? प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, आणि काय झाले ते लिहून ठेवा. हाच नियम बिघडलेल्या संगणकाला लावला, तर बरेचसे बिघाड घरच्या घरी ओळखता येतात. आणि भाग बदलण्याची वेळ आलीच, तर नेमका तोच एक भाग बदलावा लागतो. आधी निदान, मग खर्च. आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

पेटीत असते काय?

टेबलाखाली ठेवलेल्या पेटीला आपण सर्वजण ‘सीपीयू’ म्हणतो. वास्तविक सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा त्या पेटीतला बिस्किटाएवढा एकच भाग होय. तो हिशेब करतो, आणि हिशेब करताना तापतो. म्हणून त्याच्यावर धातूची पाती आणि पंखा बसविलेला असतो. रॅम म्हणजे वर्गातला फळा. चालू काम त्यावर मांडले जाते आणि वीज गेली की तो कोरा होतो. हार्ड डिस्क म्हणजे कपाट. त्यात ठेवलेले कागद वीज गेली तरी राहतात. मदरबोर्ड ही या सर्वांना जोडणारी पाटी. आणि कोपऱ्यातली पत्र्याची बंद डबी, जिच्यात विजेची वायर जाते, ती म्हणजे पॉवर सप्लाय, दुकानातल्या भाषेत एसएमपीएस. घरात येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची शांत वीज आतल्या भागांना देते.

एवढे पाच भाग ओळखता आले म्हणजे पुरे. बिघाड बहुधा यांपैकी एकात असतो, किंवा पेटीच्या बाहेर असतो. हे ‘पेटीच्या बाहेर’ लक्षात ठेवा बरं का. ते पुढे उपयोगी पडणार आहे.

सर्वांत आधी माहिती वाचवा

संगणक बाजारात पुन्हा मिळतो. दहा वर्षांची पत्रके, मुलीच्या लग्नाचे फोटो, शेताच्या कागदांच्या प्रती बाजारात मिळत नाहीत. म्हणून संगणक त्रास देऊ लागला की दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. शक्य असेल तर दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा.

यात एक खुबी आहे. हार्ड डिस्कमधून ‘टक्‌ टक्‌’ असा ठरावीक आवाज येत असेल, किंवा फाइल उघडायला मिनिट मिनिट लागत असेल, तर डिस्क दुरुस्त करणारे प्रोग्राम त्या वेळी चालवू नका. आजारी बैलाला नांगराला जुंपण्यासारखेच ते आहे. तशा डिस्कमध्ये जेवढे आयुष्य शिल्लक असेल तेवढे प्रती काढण्यात खर्च करा. जे सर्वांत महत्त्वाचे तेच आधी उतरवा. सिनेमे आणि गाणी शेवटी.

तीन दिवसांची वही

वैद्याकडे गेल्यावर तो विचारतो : ताप केव्हा येतो? थंडी वाजून येतो का? काल काय खाल्ले होते? संगणकाच्या बाबतीत ही उत्तरे तुम्हीच द्यावयाची आहेत. एक जुनी वही घ्या आणि तीन दिवस प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा. किती वाजता बंद पडला? सुरू केल्यापासून किती वेळाने? त्या वेळी काय काम चालले होते? आणि नेमका कसा बंद पडला?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण बंद पडण्याच्याही तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा : दिवा मालवावा तसा एका क्षणात काळोख. येथे संशय दोघांवर घ्यावा, विजेच्या पुरवठ्यावर आणि उष्णतेवर. दुपारी बंद पडतो व पहाटे चालतो, किंवा व्हिडिओ लावला की बंद पडतो, अशी नोंद असेल तर उष्णतेचा संशय बळावतो. कारण काम वाढले की प्रोसेसर तापतो, आणि तो शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की स्वतःला जळण्यापासून वाचविण्यासाठी संगणक आपणहून बंद होतो. हा बिघाड नव्हे. हा त्याचा शहाणपणा आहे.

दुसरी तऱ्हा : निळा पडदा येतो, त्यावर इंग्रजीत काही अक्षरे दिसतात आणि संगणक पुन्हा सुरू होतो. येथे संशय रॅमवर, डिस्कवर किंवा नव्याने घातलेल्या एखाद्या प्रोग्रामवर घ्यावा. ती अक्षरे वाचण्याआधीच पडदा जात असेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढा. विंडोजमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ नावाच्या ठिकाणी ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ समोरची खूण काढून टाकली, की निळा पडदा तुम्ही स्वतः बंद करीपर्यंत समोर राहतो.

तिसरी तऱ्हा : सगळे जागच्या जागी गोठते. बाण हलत नाही, किंवा हलतो पण काहीच उघडत नाही. पेटीवरचा लहान दिवा सारखा पेटलेला असतो. हे बहुधा डिस्क थकल्याचे लक्षण असते.

विंडोजही आपली एक वही ठेवीत असते. शोधाच्या चौकटीत ‘रिलायबिलिटी’ असे इंग्रजीत टाइप केले की दिवसवार आलेख उघडतो आणि कोणत्या दिवशी काय बंद पडले ते लाल खुणेने दाखवितो. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद पुष्कळांना सापडते, आणि ‘पॉवर’ हा शब्द पाहून ते लगेच नवा पॉवर सप्लाय घ्यायला धावतात. तसे करू नका. संगणक नीट बंद न होता एकदम बंद पडला, एवढेच ती नोंद सांगते. का पडला, ते सांगत नाही.

पेटी न उघडता करावयाच्या तपासण्या

या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही, म्हणून त्या आधी.

पहिली तपासणी यूपीएसची. खेड्यात विजेचा दाब सारखा वरखाली होतो, म्हणून आपण संगणकाला यूपीएस लावतो. घरगुती लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते, आणि दोन-तीन वर्षांत ती थकते. थकल्यावर काय होते? वीज क्षणभर लुकलुकते, आपल्याला बल्बमध्ये जेमतेम जाणवते. यूपीएस बॅटरीवर जायला पाहतो, बॅटरीत जीव नसतो, आणि संगणक बंद पडतो. आपण दोष देतो संगणकाला! म्हणून दोन दिवस यूपीएस बाजूला ठेवून संगणकाची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावून पाहा. वीज स्थिर असताना बंद पडणे थांबले, तर दोष यूपीएसचा. नुसती बॅटरी बदलून तो पुष्कळदा पूर्ववत होतो. नवा घ्यावा लागत नाही. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधी लावू नये. तो तापताना एकदम एवढी वीज ओढतो की लहान यूपीएसला ते झेपत नाही.

दुसरी तपासणी सॉकेटची. पिन सैल बसते का? वायर हलविली की संगणक बंद पडतो का? बोर्डाजवळ जळल्यासारखा वास येतो का? याच वेळी अर्थिंगही पाहून घ्यावे. पेटीच्या उघड्या पत्र्याला बोट लागले की झिणझिण्या येतात, हा अनुभव अनेकांना असेल. सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला अर्थिंग जोडलेलेच नाही, किंवा ते निकामी झाले आहे, असा त्याचा अर्थ. तेव्हा वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालीत जा. कोरड्या जमिनीतून वीज नीट वाहून जात नाही. शाळेच्या संगणक खोलीत तर हे आधी करावे. तेथे लहान मुलांचे हात लागतात.

तिसरी तपासणी बाहेरच्या जोडण्यांची. प्रिंटर, स्पीकर, पेनड्राइव्ह, कॅमेरा सगळे काढा. फक्त पडदा, कळफलक आणि माऊस ठेवून एक दिवस चालवा. मग एकेक वस्तू पुन्हा लावा. कधी कधी दहा रुपयांची वायर आतून तुटलेली असते आणि सगळा संगणक आजारी दिसतो.

चौथी तपासणी तापमानाची. संगणक सुरू होताना ‘डिलीट’ किंवा ‘एफ २’ ही कळ दाबीत राहिले की बायॉस नावाचा पडदा उघडतो. त्यात ‘हार्डवेअर मॉनिटर’ किंवा ‘पीसी हेल्थ’ असे पान असते. तेथे प्रोसेसरचे तापमान दिसते. विंडोज सुरू न करता त्याच पानावर दहा मिनिटे थांबा. तापमान चाळीस-पन्नासच्या घरात स्थिरावले तर ठीक. ते चढत चढत ऐंशीच्या पुढे जाऊ लागले तर उष्णता बाहेर पडत नाही हे नक्की. त्याच पानावर पंख्याचे फेरे आणि १२ व्होल्टची नोंद असते. ती ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असावी. हा आकडा ढोबळ असतो, पण तो फारच खाली असेल तर पॉवर सप्लायचा संशय घ्यावा.

पाचवी तपासणी प्रोग्रामची. बिघाड सुरू झाला त्याच आठवड्यात काही नवे घातले होते का? विंडोजमध्ये ‘सेफ मोड’ अशी एक सोय आहे. तीत अगदी आवश्यक तेवढेच प्रोग्राम चालतात. तेथे संगणक तासन्‌तास नीट चालला, तर यंत्र बहुधा ठणठणीत आहे आणि दोष वरच्या प्रोग्रामचा आहे, असे समजावे. मग नवे घातलेले काढून पाहा.

पेटी उघडताना

आता झाकण काढू या. त्याआधी वायर सॉकेटमधून काढा, मग सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली थोडी वीज निघून जाते. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग आतल्या भागाला हात लावा. आपल्या अंगावर साठलेली, एरवी जाणवतही नाही अशी वीज रॅमसारख्या नाजूक भागाला मारक ठरते. सतरंजीवर किंवा नायलॉनच्या कपड्यात बसून हे काम करू नये.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. पॉवर सप्लायची पत्र्याची डबी उघडू नका. वायर काढल्यानंतरही तिच्यातल्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्टहून अधिक दाब काही काळ साठून राहू शकतो. मुलांसमोर काम करीत असाल तर हे त्यांनाही सांगा.

प्रथम नुसते पाहा. काहीही काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या, म्हणजे कोणती वायर कोठे होती याचा घोळ होणार नाही. पाल, मुंग्या किंवा उंदराने कुरतडलेली वायर दिसते का? पेटीच्या मागची पत्र्याची पट्टी निघून भोक पडले असेल तर तेथून पाल आत शिरते. मदरबोर्डवर लहान लहान डब्यांसारखे कंडेन्सर उभे असतात. विहिरीवरच्या पंपाचा कंडेन्सर फुगला की मोटार नुसती गुरगुरते, फिरत नाही, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. येथेही तेच. कंडेन्सरचा माथा सपाट असावा; तो फुगला असेल किंवा त्यातून तपकिरी द्रव आला असेल, तर तो निकामी झाला. चांगला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर असे एक-दोन कंडेन्सर बदलून देऊ शकतो. त्यासाठी सगळा मदरबोर्ड टाकायचे कारण नाही.

साफसफाई

धूळ काढायला रंगकामाचा कोरडा मऊ कुंचला घ्या. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याच्या झोताने पंखा उलटा गरगर फिरू देऊ नका. पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून आणण्याची पद्धत आहे, ती टाळावी. त्या हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे कण येतात.

प्रोसेसरवरचा पंखा व पाती उचलली, तर मधली जुनी पेस्ट पुसून नवी लावलीच पाहिजे. उचलण्यापूर्वी संगणक पाच मिनिटे चालवून बंद करावा, वायर काढावी, आणि पाती डावी-उजवीकडे हलकेच फिरवून मग उचलावीत. नाही तर चिकटलेला प्रोसेसर त्यांच्याबरोबर उपटून येतो. नवी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी, मधोमध लावावी. जास्त लावली म्हणजे जास्त गार होईल असे नाही. दोन सपाट धातूंमधल्या बारीक फटी भरून काढणे एवढेच तिचे काम.

भाग एकेक करून तपासा

रॅम. संगणक सुरू होताना लांब लांब शिट्टीसारखे आवाज करीत राहिला आणि पडद्यावर काहीच आले नाही, तर बहुधा रॅम नीट बसलेली नाही. दोन्ही बाजूंचे खटके उघडून पट्टी काढा, तिचे सोनेरी दात पांढऱ्या मऊ खोडरबराने हळुवार पुसा, कण झटका, आणि खटका ‘टक्‌’ वाजेपर्यंत परत दाबून बसवा. कितीतरी ‘मेलेले’ संगणक एवढ्याने उठून बसतात. दोन पट्ट्या असतील तर एकेक दिवस एकच ठेवून चालवा. ज्या पट्टीबरोबर बिघाड येतो ती दोषी. पक्की खात्री हवी असेल तर विंडोजमधला ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ चालवा, किंवा ‘मेमटेस्ट’ हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालू ठेवा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी ती पट्टी भरवशाची नाही.

पॉवर सप्लाय. याची घरगुती परीक्षा एकच : चांगला चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाचा पॉवर सप्लाय उसना घेऊन दोन दिवस चालवून पाहणे. शाळेत एकाच जातीचे अनेक संगणक असतील तर हे सोपे जाते. पण सगळ्यांचे प्लग सारखे नसतात. काही कंपन्या लहान पेट्यांसाठी आपल्या वेगळ्याच मापाचे पॉवर सप्लाय वापरतात. प्लग बसत नसेल तर जोर करू नका.

डिस्क. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचा मोफत प्रोग्राम डिस्कची प्रकृती एका शब्दात सांगतो : चांगली, सावध किंवा वाईट. ‘सावध’ दिसले तर त्याच दिवशी प्रती काढा आणि डिस्क बदलायची तयारी करा. त्याआधी डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत जाणारी चपटी वायर बदलून पाहावी. ती स्वस्त असते, आणि कधी कधी दोष तिचाच निघतो.

बटणासारखा सेल. मदरबोर्डवर रुपयाएवढा चपटा सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. हा ३ व्होल्टचा सेल संपला की संगणक तारीख विसरतो आणि कुठली तरी जुनीच तारीख दाखवितो. तारीख चुकली की इंटरनेटवरची बरीच पाने उघडत नाहीत, आणि आपल्याला वाटते, विषाणू शिरला! घड्याळाच्या दुकानातही हा सेल मिळतो. चार-पाच कप चहाच्या पैशांत काम होते.

खरेदी करताना

निदान झाले, भाग बदलायचाच आहे असे ठरले. आता पैसे कसे वाचवावेत?

जुना भाग बरोबर घेऊन दुकानात जा आणि त्यावरील अक्षरे दाखवा. रॅमच्या जाती असतात. डीडीआर ३ च्या पट्टीला २४० दात, डीडीआर ४ ला २८८. मधली खाचही वेगळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि ठोकून बसविली तर मदरबोर्ड जातो. लॅपटॉपची पट्टी आणखी आखूड असते.

जुनी रॅम घ्यायला हरकत नाही. तिच्यात फिरणारे, झिजणारे काही नसते. आठ दिवसांत परत घेण्याच्या बोलीवर घ्या आणि रात्रभर तपासा. हार्ड डिस्क मात्र जुनी घेऊ नये. ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत झिजत आलेली असते. पॉवर सप्लायही जुना किंवा अतिस्वस्त घेऊ नये. तो जाताना एकटा जात नाही. मदरबोर्डलाही घेऊन जातो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या घरगुती संगणकाला ३०० ते ४०० वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा पॉवर सप्लाय पुरेसा होतो. लेबलावर मोठा आकडा छापलेला आणि वजनाला हलका, असा स्वस्त डबा घेण्यापेक्षा हा बरा.

आठ-दहा वर्षांच्या संगणकावर एकदाच पैसे घालायचे असतील तर कोठे घालावेत, असे मला विचारले जाते. माझे उत्तर ठरलेले आहे : जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. तिच्यात फिरती तबकडी नसते, म्हणून ती धक्क्याने बिघडत नाही आणि कितीतरी पटींनी वेगाने चालते. घरच्या कामाला २५० जीबीच्या आसपासची पुरते. पण पावती आणि वॉरंटी घेऊनच घ्या. बाजारात असेही पेनड्राइव्ह आणि डिस्का मिळतात, ज्यांवर लिहिलेली जागा आत असतच नाही. म्हणून नव्या डिस्कवर फाइली भरून, त्या पुन्हा उघडून पाहाव्यात. खरेदीआधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. या भागांचे भाव वर्षभरात बरेच वरखाली होतात.

कोठे थांबावे?

मदरबोर्डच जळला असेल तर हिशेब मांडा. जुन्या जातीचा मदरबोर्ड, त्याला लागणारी जुनी रॅम आणि मजुरी मिळून खर्च चालू स्थितीतल्या एखाद्या जुन्या संगणकाच्या निम्म्यावर जात असेल, तर मी थांबण्याचा सल्ला देईन. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार बंद केला आहे, आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या प्रोसेसरवर चालत नाही. पण म्हणून धडधाकट यंत्र भंगारात घालण्याचे कारण नाही. लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मोफत प्रणाली त्यावर घालता येतात. पत्रव्यवहार, गुणपत्रके, इंटरनेट आणि इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठी टाइप करणे एवढे काम त्यावर छान होते.

राहता राहिली निगा. दर सहा महिन्यांनी धूळ काढा. पेटी जमिनीवर न ठेवता विटेवर किंवा फळीवर ठेवा, आणि मागे वीतभर मोकळी जागा सोडा. वरून कापड टाकायचे ते संगणक बंद असतानाच टाका. वळवाच्या पावसात आभाळ गडगडू लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही. वायर सॉकेटमधून काढा, आणि इंटरनेटची वायरही काढा. वीज त्या वायरीनेही आत येते.

शिक्षक मित्रहो, शाळेतला एखादा संगणक बंद पडला तर दुरुस्तीला धाडण्यापूर्वी सातवी-आठवीच्या चार मुलांना त्याची वही ठेवायला सांगा. केव्हा बंद पडला, काय बदलले, मग काय झाले. झाकण काढणे आणि स्क्रू फिरविणे तुम्ही करा. निरीक्षण त्यांना करू द्या. कदाचित धूळच निघेल. कदाचित यूपीएसची बॅटरी निघेल. खरोखरच एखादा भाग बदलावा लागला, तर तो का बदलला हे त्या मुलांना माहीत असेल, आणि पुढे त्यांच्या घरी कोणी "नवाच घ्या" म्हणाले, तर ती आधी विचारतील : "तपासून पाहिलंत का?"